रंग गेले, रेषा राहिली

दिल्लीतील जुन्या राजेंद्रनगरच्या किंवा मुखर्जीनगरच्या गल्लीतून संध्याकाळी फेरफटका मारावा, तर चहाच्या टपरीपाशी मराठी बोल हमखास कानी पडतात. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेले हे तरुण. खुल्या प्रवर्गातील उमेदवारास सहा वेळा परीक्षेस बसता येते, आणि वयाची मर्यादा ३२ वर्षांची. यश थोड्यांच्याच वाट्याला येते. उरलेल्यांपुढे ऐन तिशीत प्रश्न उभा राहतो : आता काय? ‘एखादा धंदा काढ,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणता, असे विचारले तर ‘ज्याची आवड असेल तो,’ हे उत्तर ठरलेले. हे उत्तर मला अपुरे वाटते. त्याचे कारण सांगण्यासाठी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका तरुणाकडे आपणांस घेऊन जातो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमेना. त्यांना आवड होती ती चित्रे काढण्याची. वडिलांना हा नाद पसंत नव्हता. परंतु थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले, आणि त्यांच्याच आर्थिक आधारावर १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. म्हणजे आवड होती, शाळा उत्तम होती, खर्चाची सोय होती. दोन वर्षांनी ध्यानात आले की, काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना उमगतच नाही. रंगांधत्वावर अभ्यासाचा इलाज नाही. चित्रकलेचा मार्ग तेथेच संपला.

अशा वेळी मनुष्य सहसा दोनच गोष्टी करतो. एक तर ‘आपल्यात काहीच नाही’ असे म्हणून गावाकडे परततो, नाही तर हट्टाने त्याच दारावर डोके आपटीत राहतो. लक्ष्मणरावांनी दोन्ही केले नाही. चित्रकलेत रंग असतो, तशी रेषा असते, मापही असते. त्यांचा डोळा रंगाला फसत होता. हात मात्र रेषेला चुकत नव्हता. त्यांनी रंग सोडले आणि यांत्रिक रेखांकनाचा अभ्यास हाती घेतला. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत तोच विषय ते शिकवू लागले. कागदावरच्या यंत्रांशी जमलेली ओळख तेथे प्रत्यक्ष यंत्रांशी जमली.

आवडीपेक्षा कुवत ओळखणे अवघड असते, असे मला वाटते ते यामुळेच. आवड आपल्याला घरबसल्या कळते. कुवत मात्र काम करून पाहिल्यावाचून कळत नाही, आणि बहुधा एखादे काम आपल्याला नाकारते तेव्हाच तिचा पत्ता लागतो. अलीकडे कल जाणून घेण्याच्या चाचण्या निघाल्या आहेत. त्यांचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. पण चाचणीच्या कागदाला जे कळत नाही, ते दोन महिन्यांची उमेदवारी सांगून जाते.

नोकरी चालू असतानाच, १८८८ साली, बंधूंचे सायकलींचे दुकान बेळगावात निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत, रामुअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. ज्याला जे जमते ते त्याने करावे, हा हिशेब त्या दुकानात पहिल्या दिवसापासून होता. पुढे संस्थेत बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलले गेले, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले. जनावरांचा चारा कापण्याची यंत्रे निघाली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे ते नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे न विकलेला माल घरात पाहत राहणे म्हणजे काय, हे ज्याने दुकान थाटले आहे त्यालाच विचारावे!

नगरपालिकेने बेळगावातील जागा खाली करायला लावली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर माळजमीन देऊ केली. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेथे लक्ष्मणरावांनी माणसे जमविली ती पाहण्यासारखी आहेत. हिशेब आणि पत्रव्यवहार मंगेशराव रेगे यांच्याकडे. यंत्रे व व्यवस्था शंभुराव जांभेकरांकडे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर पुढे कल्पक अभियंते ठरले. आणि तुरुंगाची शिक्षा भोगून आलेल्या दोघांवर पहाऱ्याची जबाबदारी सोपविलेली. स्वतःच्या डोळ्याची उणीव ज्याला ठाऊक होती, त्याने इतरांच्या प्रमाणपत्रांकडे पाहिले नाही, याचे मला नवल वाटत नाही.

राजेंद्रनगरातल्या त्या तरुणाकडे पुन्हा वळू. पाच वर्षे तो रोज दहा-दहा तास वाचीत होता. परीक्षा गेली, पण ढीगभर मजकुरातून नेमके दोन पानांत उतरविण्याची सवय कोठे गेली? राज्यघटनेतील किचकट कलम खोलीतल्या मित्राला सोप्या भाषेत समजावून देणारा तोच होता ना? की तो महिन्याच्या खानावळीचा हिशेब पैशापैशाने चोख ठेवीत असे, आणि बाकीचे त्याच्यावर विसंबून असत? या तीन निरनिराळ्या कुवती आहेत, आणि त्यांतून तीन निरनिराळे व्यवसाय निघतात. घरच्या माणसांनी ‘आता पुढे काय ठरविलेस?’ असे विचारण्याआधी, ‘त्या खोलीत तुझ्याकडे कोणते काम घेऊन मुले येत असत?’ एवढे विचारून पाहावे. आणि शक्य असेल त्या घरात, कोणी तरी काही दिवस रामुअण्णा व्हावे.