मतभेदाचा मुलाहिजा

वज्रेश्वरीचे देवस्थान आणि गणेशपुरीची उष्णोदकाची कुंडे ज्या भिवंडी तालुक्यात आहेत, तेथील दिघाशीसारख्या गावात कोणी ईश्वराचे अस्तित्वच नाकारले, तर त्याच्याशी वाद करावा की त्याला वाळीत टाकावे, या प्रश्नाचा निवाडा करताना मला डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या जाहीर वाद-संवादाचे स्मरण होते. लागू परमेश्वराची कल्पनाच कालबाह्य ठरवीत. दाभोलकर मात्र, अंधश्रद्धा निर्मूलनाचे धुरीण असूनही, उपासनेच्या घटनादत्त स्वातंत्र्याची कैफियत मांडीत आणि आपला विरोध शोषणाला आहे, असे बजावीत. एकाच व्यासपीठावर, एकाच चळवळीतली ही दोन माणसे!

समाजसुधारक आणि संपादक आगरकरांनी तर, स्वतः अज्ञेयवादी असताना, पत्नी यशोदाबाईंच्या व्रतवैकल्यांना मज्जाव केला नाही. मला हे अग्रलेख लिहिण्याहून अवघड वाटते. याउलट, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांवर गोळ्या झाडणाऱ्यांपाशी युक्तिवाद नव्हता.

गावोगावच्या सप्ताहचालकांना विनंती इतकीच, की कीर्तनापूर्वीची एखादी सायंकाळ शंकेखोरालाही द्यावी. आणि त्यानेही मंडपात येताना पादत्राणे बाहेर काढावीत.