उलटलेला वर्ग आणि रिकामा वर्ग

शिक्षणक्षेत्रात नव्या शब्दांची आवक कधी थांबत नाही. ज्ञानरचनावाद आला, डिजिटल शाळा आली. आता शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गांतून ‘फ्लिप्ड क्लासरूम’चा बोलबाला आहे. कल्पना सोपी आहे. आजवर शिक्षक वर्गात शिकवीत आणि विद्यार्थी घरी गृहपाठ करीत. हा क्रम उलटा करावयाचा. पाठ वाचून अथवा चित्रफीत पाहून विद्यार्थ्याने विषयाची ओळख घरीच करून घ्यावी आणि वर्गातील वेळ उदाहरणे, शंका व चर्चा यांना मिळावा.

या पद्धतीचा प्रसार झाला तो अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील वुडलँड पार्क येथील माध्यमिक शाळेतून. तेथील जोनाथन बर्गमन आणि अॅरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ साली आपले पाठ ध्वनिचित्रमुद्रित करण्यास प्रारंभ केला. कारण अगदी व्यावहारिक होते. दूरच्या गावी सामने खेळावयास जाणाऱ्या मुलांचे तास बुडत. पुढे त्यांच्या ध्यानी आले की, विद्यार्थ्याला शिक्षकाची खरी गरज पाठ ऐकताना नसते. ती उदाहरण अडल्यावर असते, आणि नेमक्या त्या वेळी तो घरी एकटा असतो.

हेच सत्य हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक मझूर यांना १९९०च्या सुमारास वेगळ्या वाटेने उमगले होते. त्यांचे विद्यार्थी अवघड गणिते सहज सोडवीत, पण बल आणि गती यांविषयीच्या साध्या, रोजच्या व्यवहारातील प्रश्नांपाशी अडखळत. मझूर यांनी व्याख्यान आवरते घेतले. विद्यार्थ्यांनी आधी वाचून यावे, वर्गात एक प्रश्न मांडला जावा, प्रत्येकाने स्वतंत्र उत्तर द्यावे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यावे आणि पुन्हा उत्तर द्यावे, अशी त्यांची रीत. या रीतीत चित्रफितीची गरज नव्हती. पाठ्यपुस्तक आणि नेमका प्रश्न एवढ्यावर काम भागत होते.

श्रवण, मनन आणि निदिध्यासन ही त्रयी मराठी वाचकाला परिचित आहे. तिच्या भाषेत सांगावयाचे तर येथे श्रवण घरी होते आणि मननासाठी वर्ग मोकळा होतो. (म्हणून ही पद्धती मूळची आपलीच, असा दावा करण्याचा मोह मात्र आवरावा. त्या त्रयीतील श्रवणदेखील गुरूसमोरच बसून व्हावयाचे.)

प्रश्न हा आहे की घरी एकट्याने श्रवण कोणाला जमते? अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत गणित आणि अर्थशास्त्राच्या वर्गांवर या पद्धतीचा काटेकोर प्रयोग झाला. कोणता वर्ग उलटा चालवावयाचा हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष अंतर्मुख करणारा आहे. गणितात तात्पुरता लाभ दिसला, अर्थशास्त्रात दिसला नाही. अंतिम परीक्षेपर्यंत गणितातला लाभही विरून गेला. आणि मुळात हुशार असलेले विद्यार्थी अधिक पुढे गेल्याने त्यांच्यातील व इतरांतील अंतर वाढले. एकाच आवारात राहणाऱ्या, एकच शिस्त पाळणाऱ्या तरुणांत हे घडले!

मग एका खोलीच्या घरात काय घडेल? ‘असर’च्या २०२३ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील चौदा ते अठरा वयोगटात, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण जेमतेम २० टक्के. घरात फोन असणे आणि तो मुलीच्या हाती अर्धा तास निवांतपणे असणे यांत मोठे अंतर आहे. वडील रात्री घरी येतात तेव्हा फोन घरी येतो, आणि त्या वेळी मुलगी भाकरीपाशी असते. दुसऱ्या दिवशी ‘पाठ पाहून का आली नाहीस?’ हा प्रश्न तिलाच विचारला जाणार. मध्यमवर्गीय घरात अडचण वेगळी. तेथे फोन आहे, पण पाल्याने चित्रफीत खरोखर पाहिली की पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोडमधून तो भलतीकडेच पोहोचला, यावर पहारा ठेवण्याचे काम आईच्या माथी येते.

याहून गंभीर गोष्ट अशी की, महाराष्ट्रातील शहरांत वर्ग एका अर्थाने केव्हाच उलटला आहे. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेचे कितीतरी विद्यार्थी शिकतात ते खासगी शिकवणी वर्गांत. महाविद्यालय उरते प्रवेशापुरते आणि प्रात्यक्षिकांच्या गुणांपुरते. २०१८ साली राज्य शासनाला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला, तो उगाच नव्हे. श्रवण बाहेर गेले, परंतु मोकळ्या झालेल्या वर्गात मनन आलेच नाही. बाके तेवढी रिकामी राहिली. चित्रफितींचा आग्रह धरणारी मंडळी हा अनुभव लक्षात घेत नाहीत. शिकवणे वर्गाबाहेर नेणे सोपे असते, त्याला पैसा पुरतो. मोकळ्या तासात साठ मुलांना विचार करावयास लावणे ही शिक्षकाची कसोटी असते, आणि त्याची तयारी व्याख्यानाच्या तयारीहून अधिक वेळ खाते. मुलांनी कोणती चूक केली असेल याचा अंदाज आदल्या दिवशीच बांधून तिला छेद देणारा प्रश्न रचावा लागतो.

तेव्हा प्रारंभ मझूर यांच्या बाजूने करावा. पडद्याचे नंतर पाहता येईल. आदल्या दिवशी पुस्तकाचे एकच पान नेमून द्यावे. ज्यांना घरी निवांतपणा नाही त्यांच्यासाठी शाळेच्या वेळापत्रकातच अर्ध्या तासाचे मूकवाचन ठेवावे. आठवड्यातील सर्व तास उलटे करण्याची गरज नाही. विज्ञान-गणिताचा एखादा घटक पुरे. आणि वाचून न आलेल्या मुलाला बाहेर उभे करू नये, अन्यथा ज्याला शिक्षकाची सर्वाधिक गरज आहे तोच वर्गाला मुकेल.

एवढे करू पाहणाऱ्या शिक्षकाची वाट मात्र व्यवस्थेने मोकळी करावयास हवी. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हजेरी, प्रश्न, चर्चा आणि फेरउत्तर बसत नाही. जोडतासिका द्याव्या लागतील. निवडणुकांची व सर्वेक्षणांची कामे करून आलेल्या शिक्षकाकडून नेमक्या प्रश्नांची अपेक्षा धरता येत नाही. आणि तपासणीला येणारे अधिकारी आजही विचारतात ते किती घटक शिकवून झाले हेच. दोन मुलांनी वर्गात पंधरा मिनिटे वाद घातला आणि शेवटी एकाने आपले उत्तर बदलले, हे नोंदविण्यासाठी टाचणवहीत रकाना नाही.