तळे खारेच राहू द्या

खानदेशातल्या घरांतून सुटीचे बेत ठरतात ते बहुधा देवाच्या निमित्ताने. शेगावला गजानन महाराजांचे दर्शन घ्यायचे, जमले तर सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी माथा टेकायचा आणि एवढे गेलोच आहोत तर हातासरशी लोणारचे तळेही उरकून यायचे. आमच्या नरडाण्याहून तापी खोऱ्यातल्या गाडीने भुसावळ, तिथे गाडी बदलून शेगाव आणि पुढे खामगाव-मेहकरवरून लोणार, असा हा सरधोपट मार्ग. या बेतात लोणारच्या वाट्याला येतो अर्धा-पाऊण तास. काठावरून खाली डोकावायचे, 'बापरे, केवढे खोल!' म्हणायचे, फोटो काढायचे आणि परतताना एक सूचना करायची. ती सूचना मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे की आता पाठ झाली आहे: "जागा झकास आहे हो, पण पाण्याला वास मारतो. सरकारने मनावर घेऊन पाणी तेवढे गोडे करावे, चार नावा सोडाव्यात. नैनितालही फिके पडेल!"

सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. तरीही तिला विरोध करणे मला भाग आहे. लोणारचे पाणी गोडे झाले, तर लोणार उरणार नाही. उरेल तो नुसता एक मोठा खड्डा.

मुळात तिथे खोल आहे ते पाणी नव्हे, विवर खोल आहे. काठापासून काठापर्यंत सुमारे पावणेदोन किलोमीटर आणि वरून तळापर्यंत सुमारे दीडशे मीटर, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मजली इमारत आत उभी राहावी एवढे. पाणी मात्र जेमतेम काही मीटर. हे विवर कशाने झाले याबद्दल विद्वानांत दीर्घकाळ वाद होता. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, तेव्हापासून अनेकांनी ते ज्वालामुखीचे तोंड मानले. 1973 साली भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी इथल्या खडकाच्या अभ्यासातून दाखवून दिले, की प्रचंड आघाताशिवाय तयार न होणारी काच या दगडात आहे. आकाशातून अशनी कोसळली आणि हे विवर झाले. कधी? जुना अंदाज पन्नास हजार वर्षांच्या आसपासचा होता. अलीकडच्या एका मापनाने तो पावणेसहा लाखांच्या घरात नेला. आमच्या खातेवहीत तारखेचा एवढा फरक निघाला असता तर तपासनिसांनी शाखा डोक्यावर घेतली असती; निसर्गाच्या खात्यात असे वाद शांतपणे चालू राहतात.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की ही अशनी पडली ती आपल्याच काळ्या पाषाणावर. बँकेत विहिरीच्या कर्जाची प्रकरणे पाहताना 'काळा पाषाण लागला, काम थांबले' हे वाक्य मी शेकडो वेळा वाचले आहे. सुरुंग लावूनही दाद न देणारा तो बेसाल्ट इथे काही क्षणांत उधळला गेला. बेसाल्टमध्ये उठलेली अशी विवरे पृथ्वीवर मोजकी आहेत आणि त्यांतले सर्वांत चांगले टिकलेले विवर लोणारचे मानतात. चंद्रावरचे कितीतरी खड्डे अशाच जातीच्या खडकात आहेत. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे मेहकरच्या एसटीची चौकशी करत येतात!

आता खारेपणाकडे येऊ. या विवरात पाणी उतरते, पण बाहेर जायला वाट नाही. पाऊस, झरे, ओहोळ सारे आत येतात, पाणी उन्हाने उडून जाते आणि दगडातून विरघळून आलेले क्षार मागे राहतात. हजारो वर्षे ही पुंजी साठत गेली. हे क्षार नुसत्या मिठाचे नाहीत. आपण पापडात घालतो त्या पापडखाराच्या जातकुळीचे आहेत. अकबराच्या काळातल्या 'आईन-इ-अकबरी'त लोणारचा उल्लेख येतो तो काच आणि साबण बनवण्याच्या या मालासाठीच. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक असते; हळद चोळलेल्या कागदावर या पाण्याचा थेंब पडला तरी तीच गंमत दिसते. मुलांना रसायनशास्त्राचा धडा द्यायला एवढे पुरे.

शेगावकडून लोणारला जाणारा माणूस वाटेत पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातून जातो. तिथे विहिरीला खारे पाणी लागणे म्हणजे शेतकऱ्याचे नशीब फुटणे. त्यामुळे खारे ते वाईट, हा हिशेब आपल्या रक्तातच भिनला आहे आणि शेतापुरता तो खराही आहे. तळ्याला तो लावता येत नाही. एवढ्या तीव्र खारात मासा जगत नाही, म्हणून आपण तळ्याला 'मेलेले' म्हणतो. प्रत्यक्षात ते सूक्ष्म जीवांनी गजबजलेले आहे. पाण्याचा हिरवा रंग त्यांचा. 2020 च्या जूनमध्ये तळे एकाएकी गुलाबी झाले आणि वर्तमानपत्रांतून गाजले, तेही असेच. त्या उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला आणि खारातच फोफावणाऱ्या जीवांनी आपला रंग तळ्याला दिला, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या तपासणीतून निघाला. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आपल्याला ज्या वासाने नाक मुरडावेसे वाटते, तो वास हा तिथल्या जगण्याचाच भाग आहे.

तळे सुधारण्याची हौस काय करते, याचा दाखला अमेरिकेत आहे. ओरेगन राज्यातले क्रेटर लेक हे 594 मीटर खोल, त्या देशातले सर्वांत खोल तळे. ते ज्वालामुखीचे आहे आणि त्यात मुळात मासे नव्हते. प्रवाशांना गळ टाकायची मौज मिळावी म्हणून 1888 पासून त्यात मासे सोडू लागले. माशांना खाऊ हवा म्हणून 1915 साली क्रेफिश नावाचे, झिंग्यासारखे प्राणी सोडले. मासे सोडणे 1941 साली थांबले, पण क्रेफिश पसरतच राहिले. बेडकासारखाच उभयचर असलेला, फक्त याच तळ्यात सापडणारा एक छोटा न्यूट त्यांच्यापायी आज नष्ट होण्याच्या वाटेवर आहे. ज्या गृहस्थांनी पहिले मासे सोडले, त्यांनीच पुढे त्या तळ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली होती. म्हणजे तळ्यावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल?

आपल्याकडे मुद्दाम कोणी गोडे पाणी ओतत नाही, पण ते नकळत उतरतेच. गावाचे सांडपाणी तळ्यात जाऊ नये यासाठी सरकारदरबारी आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षे खल झाला आहे. पाऊस भरपूर झाला की पाणी वाढते, कमळजा देवीच्या देवळाकडे सरकते आणि खार पातळ होतो. पावसाला कोणी अडवू शकत नाही. साबण, निर्माल्य, कपडे आणि गटार यांना अडवू शकतो. 2000 सालापासून हा परिसर अभयारण्य आहे, तो कागदावरच राहू नये.

यावर लोणारचा माणूस विचारील, की साहेब, तुमचे शास्त्र ठीक, पण आमच्या पोटाचे काय? प्रश्न रास्त आहे. पर्यटनाचा पैसा लोणारला मिळायलाच हवा, फक्त तो विवराच्या आत नव्हे, वर खर्च व्हावा. चांगली स्वच्छतागृहे, सांडपाण्याची नीट व्यवस्था, मुक्कामाच्या साध्या खोल्या, गावातल्या पोरांना वाटाड्या म्हणून रीतसर शिक्षण, यांतून गावात रोजगार येतो आणि तळ्याला धक्का लागत नाही. मुदत ठेवीच्या व्याजावर घर चालवावे, मुद्दल मोडू नये, हे नोकरीत असताना मी पेन्शनरांना सांगत असे. लोणारचे मुद्दल तो खार आहे.

आणि आपण पाहुण्यांनी काय करावे? अर्ध्या तासाऐवजी एक अख्खा दिवस द्यावा. पहाटे गोमुखाची बारमाही धार पाहावी. विवराच्या अंगातूनच गोडे पाणी झरते आणि खाली ते खारे होते, हे नवल समजून घ्यावे. गावातल्या दैत्यसूदन मंदिराची शिल्पे सावकाश पाहावीत. लवणासुराला विष्णूने मारल्याची कथा मुलांना तिथेच सांगावी. पडलेल्या अवस्थेतला मोठा मारुती पाहावा आणि जवळचे अंबर तळेही, कारण अशनीचा एखादा तुकडा तिथेही पडला असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. खाली उतरायचे तर वाटाड्या घेऊन आणि रिकाम्या हाताने परतायच्या बोलीवर.

गोड्या पाण्याची हौस असेल तर आपले तोरणमाळ कुठे गेले? सातपुड्याच्या माथ्यावरचे यशवंत तळे आणि शेजारची सीताखाई एवढ्या सुंदर आहेत, की नैनितालची आठवण कोणाला होऊ नये. गरम पाणी हवे तर चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव आहे. ते झरे थंड करावेत, असे कधी कोणाच्या मनात आले नाही. उनपदेव गरम म्हणून आवडतो, तोरणमाळ गोडे म्हणून आवडते. लोणारवर मात्र आपण उगीच रुसतो.

पुढच्या सुटीत घरातल्या नातवंडाने काठावर नाक दाबून 'आजोबा, कसला वास येतोय?' असे विचारले, तर त्याला गाडीत बसवायची घाई करू नका. हा वास आहे तोवर तळे जिवंत आहे, एवढे त्याला सांगा.