तपासणीचे पैसे कोण देणार?

पहाटेचे चार वाजले होते. मढच्या जेट्टीकडून येणाऱ्या रस्त्यावर एक जुनी सीएनजी व्हॅन बंद पडून उभी होती. मागे थर्माकोलच्या पेट्यांत बर्फाखाली बोंबील आणि मांदेली. स्टिअरिंगवर मुलगा, शेजारी त्याची आई. किल्ली फिरवली की टक्, टक् एवढाच आवाज. सेल्फ काही उचलत नव्हता. खाडीपलीकडे वेसाव्याचे दिवे हाकेच्या अंतरावर दिसत होते, पण मालाडचा बाजार गाठायचा तर एरंगळ, आक्सा करत सगळी वाट गाडीनेच तुडवायची. “गारी परत बंद परली,” बाई म्हणाल्या आणि बोटांवर मोजू लागल्या. दोन महिन्यांत नवी बॅटरी साडेचार हजारांची, सेल्फची दुरुस्ती अडीच हजारांची, इग्निशन स्विच आणि रिले मिळून बाराशे. ८,२०० रुपये गेले आणि आवाज तोच, टक्, टक्.

कुणीतरी गल्लीतल्या एका पोराला उठवून आणलं. विशीतला पोरगा, मालवणीच्या एका गॅरेजात कामाला. त्याने आधी हेडलाइट लावायला सांगितले आणि मग सेल्फ मारायला. दिवे जराही मंदावले नाहीत. “बॅटरीत दम आहे,” तो म्हणाला, “करंट सेल्फपर्यंत पोचत नाहीये.” मग त्याने मीटर काढला. बॅटरीवर १२.५ व्होल्ट. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर ठेवली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि पुन्हा सेल्फ मारायला लावला. आकडा ६ व्होल्टच्या आसपास चढला. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसता कामा नये. त्याने जंप केबल मायनसवरून थेट इंजिनला टेकवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. गाडीखाली घुसून त्याने अर्थची वेणीदार पट्टी ओढून काढली. खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडलेलं, आणि पट्टी बोटांत सुक्या जवळ्यासारखी चुरली. नवी अर्थ केबल २५० रुपयांची.

पोराने मजुरीचे ३०० मागितले. जमलेल्यांतला एकजण म्हणाला, “एक वायर तर लावलीस, तिचे तीनशे?” घासाघीस झाली. त्याच्या हातावर १०० रुपये पडले. मीही तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो.

आपला सगळा अपराध त्या एका प्रश्नात आहे. ८,२०० रुपये देताना कुणी हूं की चूं केलं नाही, कारण त्या पैशांच्या बदल्यात खोक्यात घातलेली वस्तू मिळाली. ज्याने बिघाड ओळखला त्याने वस्तू दिली नाही, म्हणून तो लबाड ठरला. आपण सामानाचे पैसे देतो, ज्ञानाचे देत नाही. इंजेक्शन न टोचणाऱ्या डॉक्टरला फी देताना कुरकुरणारा समाज हाच. अशा समाजात मिस्त्री काय करील? तपासायला अर्धा तास घालवला तर त्या अर्ध्या तासाचे पैसे बुडतात. बॅटरी विकली तर तिच्यावर चार पैसे सुटतात. मग तो म्हणतो, “पार्ट बदलून बघू.” गॅरेजवाले लुटतात म्हणून आपण बोटं मोडतो. त्यांना ही रीत आपणच लावली आहे, प्रामाणिक माणसाची मजुरी पाडून पाडून. आणि तिचा भुर्दंड पडतो तो नवी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सोडणाऱ्यावर नव्हे, पहाटे बर्फ वितळताना पाहणाऱ्या बाईवर.

याच्या मुळाशी जातव्यवस्था आहे, हे स्पष्ट बोललं पाहिजे. ज्याला ज्ञान त्याने हात काळे करायचे नाहीत, आणि ज्याचे हात काळे त्याच्याकडे ज्ञान असेलच कसं, ही विभागणी आपण शतकानुशतकं पोसली. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी गावच्या प्राथमिक शाळेत शेतीची प्राथमिक माहिती शिकवावी, असा आग्रह धरला होता. कष्टाशी शाळेचं नातं जोडा, असंच ते मागणं होतं. आज आपली मुलं ओहमचा नियम घडाघडा म्हणतात, त्यावरची गणितं सोडवून पैकीच्या पैकी गुण आणतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी मीटर हातात धरलेला नसतो. तिकडे गॅरेजातला ‘बारक्या’ पाने पुसत, टपल्या खात वाढतो. वायर कुठे जोडायची ते त्याला कळतं, का जोडायची ते कुणी सांगत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवण्यावर कायद्याने २०१६ साली काही अपवाद वगळता सरसकट बंदी घातली, तरी चहाचे ग्लास आणि पाने उचलणारे ते लहान हात आपण पाहतो आणि गाडी लवकर द्या म्हणतो.

दसऱ्याला आपण पाना-पकडीला हळदकुंकू वाहतो, बॉनेटवर झेंडूची माळ घालतो. अमावास्येला बंपरला लिंबू-मिरची बांधतो. ते लिंबू बांधायला वाकणारा माणूस वीतभर वर असलेलं बॉनेट उघडून टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर पाहत नाही. अवजाराची पूजा करायची आणि ते चालवणाऱ्या हाताला शंभर रुपयांवर बोळवायचं, ही भक्ती कसली?

खिशात पैसे नसतील तर तपासणी जास्तच हवी. बारा व्होल्टचा एक बल्ब आणि दोन वायरी एवढ्यात टेस्ट लॅम्प होतो. कुठपर्यंत करंट येतो आणि कुठे थांबतो ते तो सांगतो. साधा मीटर काही शेकड्यांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा आला तर अल्टरनेटरला हात लावू नका. मढसारख्या समुद्राकाठच्या गावात पहिला संशय टर्मिनल आणि अर्थिंगवर घ्यावा: आधी मायनस सोडवायचा, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून थर धुवायचा, कोरडं करून घट्ट आवळायचं आणि वर पेट्रोलियम जेली चोपडायची. सीएनजीला ठिणगी पेट्रोलपेक्षा जोरकस लागते, म्हणून प्लग आणि कॉइल लवकर थकतात. ज्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते तिथे नवी घेण्याआधी दोन कॉइलींची अदलाबदल करावी. मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकणं, कॉइलीबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेलं तर कॉइल खराब; जागेवरच राहिलं तर प्लग पाहा. याला एक पैसा लागत नाही. मात्र फ्यूज उडाला म्हणून त्याजागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी कधीही घालू नये. गाड्या अशाच पेटतात. आणि एवढं करूनही कळलं नाही, तर जाणकाराला बोलवावं आणि बोलावतानाच सांगावं की तपासण्याचे एवढे देईन, मग पार्ट लागो वा न लागो.

चार दिवसांनी मी मालवणीला त्या गॅरेजात गेलो. राहिलेले २०० रुपये पोराच्या हातात ठेवले आणि गॅरेजच्या हिशेबात लागावेत म्हणून पावती मागितली. त्याने पावतीपुस्तक उघडलं. त्यावर सामान, नग, दर, रक्कम असे चार रकाने छापलेले होते. पेन हातात धरून तो थांबला आणि मला विचारू लागला, “कुठल्या सामानाखाली लिहू?”