शुक्रवार, रात्री नऊ

ज्येष्ठ अभिनेते सतीश शाह यांचे २५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत निधन झाले. वय ७४. दिवाळी नुकतीच सरली होती आणि लाभपंचमी दुसऱ्या दिवसावर आली होती. वह्यांचे पूजन आटोपलेले, बहुतेक पेढ्या अद्याप उघडायच्या आणि घरे पाहुण्यांनी भरलेली, अशा वेळी ही वार्ता आली. दिवाणखान्यात बसलेल्या साठीच्या मंडळींच्या तोंडून मग एकच वाक्य ठिकठिकाणी निघाले: तो काळच साधा होता. त्या पंधरवड्यात हे वाक्य पुनःपुन्हा म्हणावे लागले होते. १५ ऑक्टोबरला ‘महाभारत’ मालिकेतील कर्ण, म्हणजे पंकज धीर गेले. २० तारखेला, ऐन दिवाळीत, असरानी गेले. २४ तारखेला ‘मिले सुर मेरा तुम्हारा’चे शब्द लिहिणारे पीयूष पांडे गेले. आणि लगेच दुसऱ्या दिवशी सतीश शाह.

वाक्य भावनेचे आहे. परंतु व्यापारी घरात वाढलेल्या माणसाने कोणतेही विधान जमा आणि नावे या दोन्ही बाजूंनी पाहावे. ज्या दिवसांना आज साधे म्हटले जाते, त्या दिवसांत सराफाच्या डोक्यावर १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा होता. तो १९९० मध्ये रद्द होईपर्यंत सोन्याची लगड बाळगणे हा सामान्य माणसासाठी गुन्हा होता. घर बांधायचे तर सिमेंट परवान्यावर मिळे. ते नियंत्रण १९८२ मध्ये उठले, तेही अंशतःच. आयकराचा कमाल दर १९७३-७४ मध्ये अधिभारासह ९७.७५ टक्के होता. परगावच्या अडत्याला भाव विचारण्यासाठी ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास यंत्राशेजारी बसावे लागे आणि घाई असेल तर ‘लाइटनिंग’ कॉलसाठी कित्येक पट पैसे मोजावे लागत. दूरध्वनीच्या जोडणीसाठी नाव नोंदवलेले आजोबा जोडणी येण्याआधीच निवर्तल्याचे किस्से प्रत्येक पेठेत आहेत. परगावचा धनादेश वटून येईतो पंधरवडा उलटे. ज्यांना तो काळ आज साधा वाटतो, त्यांच्या हाती तेव्हा तिजोरीच्या किल्ल्या नव्हत्या, एवढेच. किल्ल्या ज्यांच्या हाती होत्या, त्यांना विचारता आले असते तर उत्तर निराळे मिळाले असते.

खुद्द सतीश शाह यांच्या कारकिर्दीतच याची साक्ष आहे. त्यांचे नाव घरोघरी झाले ते १९८३ च्या ‘जाने भी दो यारों’मुळे. कुंदन शाह यांच्या या चित्रपटात त्यांनी डिमेलो नावाचा लाचखाऊ पालिका आयुक्त रंगवला. हा आयुक्त अर्ध्या चित्रपटातच मरतो आणि उरलेला सर्व वेळ त्याचे प्रेत इकडून तिकडे फिरत राहते. हालचाल नाही, संवाद नाही, आणि तरीही प्रेक्षक त्याच्याकडेच पाहून हसत राहतो. हे काम किती कठीण आहे, ते रंगभूमीवर वावरलेल्यांना विचारावे. त्या हसण्यामागे मात्र बिल्डरांची साखळी, टेंडरची लाच आणि कोसळणारा पूल आहे. शेवटी तुरुंगात जातात ते खरे शोधून काढणारे दोन छायाचित्रकार. सिमेंटवाटपाच्या प्रकरणावरून महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला तो जानेवारी १९८२ मध्ये. चित्रपट आला तेव्हा ती गोष्ट जुनी झालेली नव्हती. तेव्हा काळ साधा नव्हता, आणि त्या काळाच्या विनोदकारांना ते पक्के ठाऊक होते.

मग आठवते ते काय?

आठवते ती शुक्रवारची रात्र. १९८४ साली दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली. शरद जोशी यांचे लेखन, किशोरकुमार यांच्या आवाजातले शीर्षकगीत. पडद्यावर दापोलीकडचे शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी, पुढे टिकू तलसानिया. शफी इनामदार तर १९९६ मध्येच गेले. या साऱ्यांची पात्रे ठरलेली होती. सतीश शाह यांचे पात्र तेवढे ठरलेले नव्हते. प्रत्येक भागात ते नव्याच माणसाच्या रूपाने येत. पन्नासाहून अधिक माणसे त्यांनी अशी उभी केली. वेष बदलून, बोली बदलून, चालण्याची ढब बदलून. त्यामुळे आठवडाभर घरात एकच पैज असे, की या खेपेस ते कोण होऊन येणार.

त्या सुमारास छोट्या क्षमतेची प्रक्षेपण केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहत होती आणि मुंबई-पुण्याबाहेरच्या पेठांनाही प्रथमच चित्र दिसू लागले होते. वाड्यात संच एकच. बहुधा कृष्णधवल, सरकत्या दारांच्या लाकडी पेटीतला, शेजारी व्होल्टेजचा स्टॅबिलायझर. शुक्रवारी दुकानाच्या फळ्या पाव तास आधी लागत. हिशेब जुळत नसेल तर दिवाणजी उद्यावर टाकत, आणि शेटजी त्यांना बोलत नसत, कारण त्यांनाही माडीवर जायचे असे. एक मुलगा गच्चीवर अँटेना फिरवायला, एक जिन्यात निरोप द्यायला, आणि बाकीचे सतरंजीवर. शेजारपाजारची माणसे न विचारता येऊन बसत. चित्र गेले तर व्यत्ययाची पाटीदेखील सारे एकत्र पाहत.

यात फारसे न बोलले गेलेले एक अंग आहे. ज्या घरांत सुना सासऱ्यांसमोर बसत नसत, त्या घरांत त्या अर्ध्या तासात त्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहत. काही महिन्यांनी उंबऱ्याच्या आत टेकू लागल्या. नवरा-बायकोचे लटके भांडण आणि फुकट राहणारा मेहुणा पाहून सासरे हसत होते, आणि त्याच गोष्टीला सून हसत होती. दोघांनी एकाच वेळी हसणे ही त्या घरातली नवी घटना होती. त्यासाठी कोणी भाषण केले नव्हते. नियम कोणी मोडलाही नव्हता. तो हसता हसता ढिला पडला.

पुढे २००४ मध्ये ‘साराभाई वर्सेस साराभाई’ आली, तेव्हा घरोघरी केबल होती आणि निवड अफाट. सुरुवातीला तिला प्रेक्षक बेताचेच मिळाले. तिची खरी चाहती पिढी पुनःप्रक्षेपणातून तयार झाली. दक्षिण मुंबईतील श्रीमंत गुजराती घर, मध्यमवर्गीय हा शब्द शिवीसारखा वापरणारी सासू माया, घासाघीस केल्यावाचून काही विकत न घेणारी सून मोनिषा. पेठेतून टॉवरमध्ये राहायला गेलेल्या व्यापारी कुटुंबांना हे घर परके वाटले नाही. चार आण्यांसाठी दहा मिनिटे घासाघीस करून ज्यांच्या आजोबांनी धंदा वाढवला, त्यांच्याच दिवाणखान्यात आता माया बसलेली होती. सतीश शाह यांनी रंगवलेला इंद्रवदन मात्र मोनिषाच्या बाजूचा. एरवी घरात सासू-सुनेची ठिणगी उडाली की सासरा वर्तमानपत्रामागे जातो. इंद्रवदन वर्तमानपत्र बाजूला ठेवून मैदानात उतरे, बायकोच्या तोऱ्याची हवा काढून घेई, आणि तरीही त्या बायकोवर त्याचा जीव आहे हे क्षणभरही लपत नसे. रत्ना पाठक शाह यांची माया तितक्याच तोलाची होती, म्हणून हे जमले. थट्टा आणि अपमान यांतला फरक ज्याला कळतो, त्याला घरातले ज्येष्ठपण शोभते. सतीश शाह यांच्या सासऱ्याला तो कळत होता. सचिन पिळगावकर यांच्या ‘गंमत जंमत’ या मराठी चित्रपटातही त्यांच्या अंगचा हा मोकळेपणा मराठी प्रेक्षकांनी पाहिला आहे.

आज हे सारे भाग भ्रमणध्वनीवर सापडतात. शोधायला अर्धे मिनिट लागते. दुकान बंद करून घरी आलेला माणूस जेवणानंतर आपल्या कोपऱ्यात, मुलगा त्याच्या खोलीत, सूनबाई तिसरीकडे. प्रत्येकजण हसतो, पण निरनिराळ्या वेळी आणि कानात यंत्र घालून. कोण कशाला हसले, ते दुसऱ्याला कळत नाही. दोष तरुणांचा म्हणावा, तर आजोबांच्या हातातही तेच यंत्र आहे, आणि त्यांचा आवाज सर्वांत मोठा असतो. आपला काळ साधा होता असे नातीला ऐकवले की ती मान डोलावते आणि आपल्या खोलीत जाते. त्या वाक्यात तिला बसायला जागा नसते. उलट डिमेलोचे प्रेत चाकांवरून कसे धावते, हे ज्या घरात तिला दाखवले गेले, तिथे ती थांबली. पूल कोसळल्याचे दृश्य पाहून तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की तेव्हाही हे असेच होते का. आजोबांना त्यावर सिमेंटच्या परवान्यापासून सुरुवात करावी लागली, आणि ती गोष्ट रात्री अकरापर्यंत चालली.

२६ ऑक्टोबरला विलेपार्ले येथे सतीश शाह यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ‘साराभाई’तील सहकलाकार तेथे जमले होते. भेटले की ही मंडळी मालिकेचे शीर्षकगीत म्हणत. त्या दिवशीही त्यांनी ते म्हटले, भरल्या गळ्याने आणि सुराची फारशी पर्वा न करता. फक्त इंद्रवदनचा आवाज त्यात नव्हता.