कॅम्पसच्या ॲपमध्ये आधी आवक-जावकची खिडकी दाखवा

विद्यापीठासाठी मोबाइल ॲप बनवायचं ठरलं की काम बहुतेक वेळा नकाशापासून सुरू होतं. ग्रंथालय, कँटीन, सभागृह, वसतिगृह अशा खुणा आणि तिथवर नेणारी निळी रेघ. पुण्याच्या विद्यापीठाचा परिसर 411 एकरांचा आहे, जेएनयूचा सुमारे हजार एकरांचा आणि हैदराबाद विद्यापीठाचा त्याहूनही मोठा. एवढ्या परिसरात नकाशा लागतोच. पण इमारत कुठे आहे, हे वाटेत कुणालाही विचारता येतं. पहिल्या पिढीचा विद्यार्थी अडतो तो इमारतीत शिरल्यावर. कोणत्या टेबलावर जायचं, सोबत कोणता कागद हवा, आधी कुणाची सही घ्यायची?

ज्याच्या घरात प्राध्यापक आहे, अधिकारी आहे, निदान शिकलेला काका आहे, तो घरी फोन लावतो. आपल्या घरी फोन लावला तर आईच विचारते, 'झालं का काम?' पिअर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं ज्याला सांस्कृतिक आणि सामाजिक भांडवल म्हटलं, ते आपल्याकडे जातीनं पिढ्यान्पिढ्या एकाच बाजूला साठवलं. त्यामुळे 'ॲप सगळ्यांना सारखंच, त्यात जात कुठून आली?' हा प्रश्न मला भाबडा वाटतो. काहींना या ॲपची गरज पहिला आठवडाभर लागेल, आपल्याला पदवी हातात पडेपर्यंत.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचंच घ्या. महाराष्ट्रात महाडीबीटीवर अर्ज भरला म्हणजे काम संपत नाही. तो महाविद्यालयाच्या लॉगिनमधून पुढे जावा लागतो. अनुसूचित जातींच्या योजनेत केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, पण त्यासाठी बँक खातं आधारशी सीड झालेलं लागतं. केवायसीसाठी बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं सीड झालं, असं नसतं. पीएचडीला आल्यावर वेगळीच साखळी. अनेक राष्ट्रीय फेलोशिपमध्ये विद्यापीठाला दर महिन्याला ऑनलाइन पुष्टी द्यावी लागते. एक कर्मचारी नोंद करतो, दुसरा ती तपासतो. यातल्या एकानं जरी काम बाजूला ठेवलं तरी महिन्याची रक्कम अडकते.

म्हणून ॲपमध्ये इमारतीचं नाव टाकण्याआधी काम टाकता आलं पाहिजे. 'फेलोशिप आली नाही', 'वसतिगृहाची यादी', 'गाइड बदलायचा आहे'. उत्तरात खोली, खिडकी, वेळ, लागणारे कागद आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद यावं. यूजीसीच्या 2012 च्या समता विनियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं. ते कुठे बसतात, हे पहिल्याच पडद्यावर दिसावं. भाषा मराठी, हिंदी, तेलुगू, जी तिथल्या विद्यार्थ्यांची असेल ती. आणि हे सगळं नेट नसतानाही उघडावं, कारण महिनाअखेरीला रिचार्ज संपलेला असतो.

दुसरी सोय पोचेची. आवक-जावकच्या खिडकीवर अर्ज दिला की शिक्का आणि तारीख असलेल्या प्रतीचा फोटो ॲपमध्ये ठेवता यावा आणि किती दिवस झाले ते दिसावं. 'तुझा अर्ज आलाच नाही' या वाक्याला पोच हेच उत्तर असतं.

तिसरी गोष्ट ॲपनं काय करू नये याची. प्रवर्ग विचारू नये. सगळ्या योजना सगळ्यांना दिसू द्याव्यात, ज्याला जी हवी ती तो उघडेल. आयआयटीत नुसती रँक विचारून जात हुडकली जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. कोण किती वेळा एससी-एसटी कक्षाकडे गेलं, ही नोंद सर्व्हरवर राहिली तर तक्रारदार तक्रार करण्याआधीच उघडा पडेल. त्यामुळे लॉगिन नको, आणि ठिकाणाची माहिती फोनमध्येच राहावी.

ॲपनं दार उघडत नाही, हेही खरं. रोहित वेमुलाच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा उल्लेख होता. तो आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचा कार्यकर्ता होता. त्याला कार्यालयाची वाट सापडत नव्हती असं कोण म्हणेल? तिथे प्रश्न संस्थेच्या वागण्याचा होता. पण उशीर कुठल्या टेबलावर झाला, हे तारखेसह दाखवता आलं तर 'प्रक्रिया सुरू आहे' एवढं सांगून संस्थेला सुटता येणार नाही.

हे ज्ञान आपल्याकडे आजही आहे. प्रवेशाच्या दिवसांत आपल्या विद्यार्थी संघटना टेबल टाकून बसतात, सीनियर रात्री उशिरापर्यंत फॉर्म तपासून देतात. खरं तर हेच आपलं ॲप. पण सीनियर पास होऊन गेला की त्याच्याबरोबर ते ज्ञानही जातं, आणि पुढची बॅच पुन्हा शून्यापासून सुरुवात करते.

ॲपचं कंत्राट निघेल तेव्हा निघेल. तोवर ज्यांची पदवी झाली आहे, त्यांनी आपलं एक काम कागदावर मांडावं: कुठल्या खिडकीपासून सुरुवात झाली, किती हेलपाटे झाले, कोणता कागद कमी पडला, शेवटी कुणाच्या सहीनं सुटलं. असे पन्नास कागद जमले की प्रोग्रॅमिंग येणारी आपलीच मुलं पुढचं काम करतील. आणि विद्यापीठानं ॲपसाठी समिती नेमली, तर तिच्यात संगणक विभागाच्या बरोबरीनं या टेबलांवर बसलेल्या विद्यार्थ्यांना जागा हवी. ती आपण मागून घेतली पाहिजे.