पडद्यावरचे नागपूर

विजय बारसे यांच्या कार्यावर बेतलेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) आम्ही नंदनवनातल्या घरीच पाहिला. झोपडपट्टीतल्या पोरांची ती नागपुरी हिंदी ऐकून आमच्या सौभाग्यवतींना जणू माहेरच भेटले! पूर्वार्धातला फुटबॉलचा सामना पाहता पाहता चहा निवून गेला. उत्तरार्ध मात्र फार लांबला. अमिताभ बच्चन यांच्या कोर्टातल्या भाषणापेक्षा, मुलीच्या पासपोर्टासाठी ओळखीचा कागद शोधत वणवणणारा तो आदिवासी बाप आम्हांस शतपटीने बोलका वाटला.

कोर्टावरून आठवले. त्याच वर्षी उमेश कुलकर्णी यांची ‘इंडियन प्रीडेटर : मर्डर इन अ कोर्टरूम’ ही तीन भागांची माहितीपट-मालिका आली. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात जमावाने गुंड अक्कू यादव याला ठार केले, त्याची ही हकीकत. कस्तुरबानगरच्या बायका त्यात स्वतःच्या तोंडाने बोलतात, हे मोठेच काम. पण नावात पहिला मान गुंडालाच. हे काही आम्हांस रुचले नाही.

दुसरा भाग संपला तशी सौ. म्हणाली, “अहो, ती वस्ती एवढी वर्षे सोसत होती, तेव्हा आपण कुठे होतो?”

“इथेच. नंदनवनात.”

तिसरा भाग त्या रात्री लावला नाही.